राखोलीच्या पितळी ठशाचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना पितळी ठसा आहे. बोटाच्या पेराएवढा माझा जीव. तोंडावर इंग्रजीतलं ‘एम’ हे अक्षर कोरलेलं. पण लहान आहे म्हणून मला कमी लेखू नका. ज्या बॅगांची किंमत ऐकून तुमचे डोळे पांढरे होतील, त्यांच्यावर मी उमटलो आहे.

माझा जन्म मुंबईतल्या एका कोरणाऱ्याच्या हातचा. आम्ही सव्वीस भावंडं एका लाकडी पेटीत बसून १९८७ साली सिल्वासाजवळच्या राखोलीला आलो. दमणगंगेच्या काठी कल्पेशभाईंचा कातडी बॅगांचा कारखाना होता. बॅगा परदेशी जात. तिकडची गिऱ्हाइकं आपल्या नावाची आद्याक्षरं कळवत आणि ती बॅगेवर उठवणं हे आमचं काम. आमच्यातले क्यू आणि एक्स म्हणजे जहागीरदार. वर्षवर्ष पेटीतून हलायचे नाहीत. मला मात्र दम खायला फुरसत नसे.

शिवण चुकली तर उसवता येते. ठसा एकदा उठला की उठला. बॅग पुरी तयार झाली की अगदी शेवटी आमच्यापुढे येई, आणि दहा माणसांची मेहनत आमच्या एका दाबावर टांगलेली असे.

आमचा कारागीर होता झिपरूआबा, साक्री तालुक्यातला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मला तो ‘दोन डोंगरवाला’ म्हणायचा. हातयंत्रात आम्हाला बसवायचा, वीज लावून तापवायचा आणि दांडा असा ओढायचा की अक्षर ना कमी उठे, ना जास्त. पुढे त्याचा हात थरथरू लागला, तेव्हा १९९१ साली त्याने आपल्याच तालुक्यातल्या नलिनीला हाताखाली घेतलं.

नलिनी तिशीची. नवरा काविळीने गेलेला, पदरात एक मुलगी. दिवाळीपर्यंत काम पाहू, मग कायम करू, असं कल्पेशभाईंनी सांगितलं होतं. सामरवरणीच्या चाळीतली खोली, मुलीची शाळा, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. तिचा हात मला पहिल्या दिवसापासून आवडला. बोलायची कमी, बघायची जास्त.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. त्या वर्षी आबाने हळदकुंकवाचं ताट नलिनीपुढे धरलं.

“आबा, ती कशी लावंल?” पॅकिंगची केसरबाई पटकन बोलली. “शुभाचं काम आहे.”

“यंत्र तीच चालवते ना?” आबा म्हणाला. “मग तीच लावंल.”

नलिनीने बोटावर ओलं कुंकू घेतलं आणि एकेका अक्षराच्या तोंडाला लावलं. माझ्यापाशी आली तेव्हा तिचं बोट गार पडलं होतं. मित्रांनो, इतक्या वर्षांत इतक्या जपून मला कुणी शिवलं नव्हतं.

संध्याकाळी आबा सणाला गावी गेला. दसरा सरला. दुसऱ्या दिवशी दुपारी माल गाडीत चढायचा होता. परदेशातल्या एका लग्नासाठी दुधाच्या सायीसारख्या रंगाच्या बारा बॅगा, सगळ्यांवर नवरीचं एकच अक्षर. म्हणजे मी. सोनेरी वर्ख नाही, नुसता कोरा ठसा. त्यासाठी कातडं किंचित ओलं करून मला थेट त्यावर दाबावं लागतं. बारा आणि वर जादा एक, अशा तेराच बॅगा होत्या.

पूजेनंतर आम्हाला रॉकेलने पुसून काढायचं काम दरवर्षी आबा करायचा. त्या दिवशी आबाची एसटी घाटात अडकली होती. नलिनीने मला उचललं, फडकं घेतलं आणि माझ्या तोंडाशी आणून थांबवलं. मी वाट पाहत राहिलो. तिने फडकं खाली ठेवलं. माझ्यावर दोनदा फुंकर मारली. वाळलंय, लागणार नाही, असं पुटपुटली आणि मला यंत्रात बसवलं.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. दांडा खाली आला, ओल्या कातड्यात मी रुतलो आणि माझ्या अंगावरचं कुंकू त्यात उतरलं. सायीवर लाल डाग. पुसला तसा पसरत गेला.

कल्पेशभाई धावत आले. “आ शुं कर्युं? पुसून नाही घ्यायचं? डोळे फुटले काय?”

“दिसलं होतं, शेठ.” नलिनी म्हणाली. “मनाघाई पुसायनं नही, माझ्यानं पुसवलं नाही. माझा माणूस गेला, तवा चार बायकांनी माझे हात धरले होते नि एकीने ओल्या बोळ्यानं माझं कुंकू पुसलं. तो बोळा अजून लागतो कपाळाला. मी कोणाचं कुंकू पुसू? पितळेचं का असंना.”

केसरबाई जमिनीकडे बघत राहिली. कल्पेशभाईंनी घाम पुसला आणि म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.”

एवढ्यात आबा दारात आला. खांद्यावर पिशवी तशीच. त्याला सारं कळलं, तेव्हा तो नलिनीवर रागावला नाही. त्याने फडकं रॉकेलात भिजवलं आणि तिच्या हातात दिलं.

“पितळले कसानं सौभाग्य, माय? पुसी टाक.”

ती हुंदके देत होती. पण तिने मला पुसलं. कोपऱ्याकोपऱ्यातून, काडीला फडकं गुंडाळून.

“आता तुम्ही मारा, आबा,” कल्पेशभाई म्हणाले. “बाराच उरल्या.”

आबाने आपला थरथरता हात त्यांच्यापुढे धरला. “हा मारंल? तीच मारंल. एक जरी बिघडली तं तिच्यासंगं मी बी जाईन.”

नलिनीने डोळे कोरडे केले आणि दांडा धरला. बारा वेळा मी खाली आलो. बाराही ठसे असे उठले, की कल्पेशभाईंनी भिंग लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “चालशे.” दिवाळीला ती कायम झाली.

पुढच्या खंडेनवमीला आबा नव्हता. गावी जाऊन राहिला होता. पूजेचं ताट केसरबाईने आणलं आणि सगळ्यांच्या आधी नलिनीच्या हाती दिलं. तिच्या मानाने तेही पुष्कळ झालं.

सात वर्षांनी संगणकावर चालणारं यंत्र आलं. तेव्हापासून मी पेटीत आहे. मखमल विरली, अंगावर हिरवा थर चढला. तक्रार नाही असं म्हणणार नाही, वाईट वाटतंच.

मित्रांनो, तुमच्या घरीही आमच्यासारखं जुनं हत्यार असेल. वर्षातून एकदा त्याला फूल वाहता, तसं अधूनमधून कोरडं फडकंही फिरवा. पण आमच्यासाठी तेवढं पुरे. आम्हाला कुंकू लावलं काय नि पुसलं काय, आमचं काही जात नाही. जातं ते माणसाचं. म्हणून पूजेच्या दिवशी घरात, शेजारी, भिंतीला टेकून मागे उभी राहिलेली एखादी बाई दिसली, तर ताट घेऊन आधी तिच्यापाशी जा.