चालू गाडी ढकलताना

दादाची गाडी हॉस्पिटलच्या आवारात शिरली, की दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत झोपलेली त्याची मुलगी दोन्ही हात झटकायची. ती वेळेआधी जन्मली होती. दचकली की दूध ओढायचं विसरायची. नर्सबाईंनी एकदा खिडकीतून खाली वाकून पाहिलं आणि दादालाच विचारलं, हा भूकंप कोणाचा?

वहिनीने मात्र स्पष्ट सांगितलं, "गाडी शांत झाली तर बसेन. नाहीतर आम्ही मायलेकी टॅक्सीने जातो. तू ये मागून दवंडी पिटत."

लेकीला आपल्याच गाडीतून घरी न्यायचं, एवढी एकच गोष्ट दादाला हवी होती. पण मूळ सायलेन्सर त्याने केव्हाच भंगारात घातला होता, आणि हौसेने बसवलेली जाड नळी काही केल्या गप्प बसत नव्हती.

मी नुकतीच भौतिकशास्त्र शिकून घरी बसलेली, त्यामुळे हे घोंगडं माझ्या गळ्यात आलं. मी झडप सुचवली. नळीत एक गोल चकती आडवी फिरते. इंजिन निवांत चालत असलं की हवा आत यायची वाट जवळजवळ बंद असते, म्हणून तिथे ओढ जोराची असते. एका बारीक रबरी नळीने ती ओढ चकतीपर्यंत पोचवली, की चकती मिटते आणि आवाज आत अडतो. पाय दाबला की ओढ ढिली पडते आणि स्प्रिंग चकती उघडते. ती कायमची मिटून ठेवली तर इंजिनचा श्वास कोंडेल.

वेल्डिंगवाल्याने झडप बसवली. गाडी उभ्या उभ्या सुरू केली, तर नुसती गुरगुर. टायरांवर झोपलेल्या मांजराने कानही हलवला नाही. लग्नानंतर माणसंही अशीच होतात, असं वेल्डिंगवाला म्हणाला. आम्ही तिघं इतके खूश झालो, की गाडी रस्त्यावर काढून बघायचं कोणालाच सुचलं नाही.

हॉस्पिटलने बाळाला घरी सोडलं ती दुपार पांढुरकी, ढगाळ होती. दादाने पेडलवर पाय असा ठेवला, जणू खाली अंडं आहे. गाडी पाण्यावरून सरकावी तशी निघाली. दुकानं, झाडं, वाळत घातलेल्या चादरी काचेवरून सावकाश वाहत गेल्या. सायकली आम्हाला मागे टाकून जात होत्या. मी बाळाच्या पापण्यांकडे बघत बसले. त्यांच्याखाली काहीतरी मंद फिरत होतं. तीन आठवड्यांच्या जिवाला कसली स्वप्नं पडत असतील?

मग पूल आला. पुलाला चढ होता.

गाडी अडखळली, दादाने पाय दाबला, आणि मागे जुना गडगडाट जागा झाला. बाळाच्या मुठी उघडल्या. दादाने झटकन पाय काढून ब्रेक लावला.

"टॅक्सी बघ," वहिनी हळूच मला म्हणाली.

आरशात मला दादाचे डोळे दिसले. मी दार उघडून उतरले आणि टॅक्सी न शोधता गाडीच्या मागे गेले. वजनातलं थोडं आपण उचललं, तर इंजिनला तेवढा कमी जोर लागेल आणि झडप मिटलेलीच राहील. मी हात टेकले आणि त्याला म्हणाले, सोड ब्रेक, पण पाय हलकाच ठेव.

गाडी इंचाइंचाने चढू लागली. एक सायकलवाला थांबला.

"बंद पडली का?"

"नाही, चालू आहे."

"मग ढकलताय कशाला?"

"बाळ झोपलंय."

त्याने काचेतून आत डोकावून पाहिलं, सायकल कठड्याला टेकवली आणि माझ्या शेजारी हात लावला. मागच्या टेम्पोतले दोघं हॉर्न वाजवणार होते. त्याने ओठांवर बोट ठेवताच तेही उतरले. खाली नदी स्तब्ध होती, वर आम्ही चौघं कुजबुजत एक जिवंत गाडी ढकलत होतो, आणि झडप मिटलेली होती.

माथ्यावर वहिनीने काच खाली केली.

"नणंदबाई, बसा आता," ती म्हणाली. "पुढे उतार आहे. तुमचा दादा नेईल आम्हाला."