जाळ्यातला जावई

यंत्राचं नाव संस्थेच्या कागदावर काहीतरी लांबलचक होतं, पण वाडीतल्या बायका त्याला जावई म्हणत. जेवायला मागत नाही एवढंच. बाकी सांभाळून ने-आण करायची, अंगावर ओरखडा येऊ द्यायचा नाही, आणि मनासारखं झालं नाही की हा फुगून बसणार. पिवळं, पाटाएवढं, पुढे दिवे नि कॅमेरा. होडीतून वायरीला बांधून खाली सोडलं की प्रवाळाचे खडक किती जगले, किती पांढरे पडले, ते वर पडद्यावर दिसायचं.

जावयाला हाकायचं काम दिव्याकडे. होडी तिच्या सासऱ्यांची, आबांची. आणि मालक म्हणाल तर संस्थेचे विनीत सर, पुण्याहून आलेले.

"आज पलीकडच्या अंगाला जाऊ," सर म्हणाले.

"थंय काय नाय," आबा म्हणाले.

समुद्रात कुठे 'काय नाय' असं आबांच्या तोंडून दिव्याने पहिल्यांदाच ऐकलं.

सात वाव खाली जावई थांबला. पुढे जाईना, मागे येईना. पडद्यावरचं चित्र हललं आणि समोर जाळं आलं. दिव्या बटणं दाबून त्याला सोडवायला गेली तसे त्याच्या पंख्यांना धागे आणखी गुंडाळले. वायर ताणली, आणि त्याच्यापायी होडीही जागच्या जागी खिळली.

"इथे जाळं? गावाने बंदी घातली होती ना?" सरांनी विचारलं.

नुसती बंदी नव्हे. देवळात देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. दोन वर्षं या खडकांवर जाळं पडणार नाही, जो टाकील त्याला तूच बघून घे. वाक्यावाक्याला सगळी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणाली होती. गाऱ्हाणं घालणारा खणखणीत आवाज आबांचा होता.

दिव्या पडद्याकडे बघत राहिली. हिरव्या जाळ्याच्या मधोमध हातभर गुलाबी सांधा. मे महिन्यात हिरवा दोरा संपला तेव्हा तिनेच घातलेला. शेजारच्या राधाबाईंनी विचारलंही होतं, "जाळा सांधतंस की झंपर शिवतंस गो?" हे जाळं देवगडच्या पावण्याला वापरायला दिलं, असं आबांनी चार दिवसांपूर्वी घरात सांगितलं होतं.

"कोणाचं ते ओळखता येतं का, दिव्याताई? रविवारी सभेत हा फोटो दाखवावाच लागेल."

सभा देवळात, गाऱ्हाणं घालून सुरू व्हायची; वाडीतल्या सगळ्या बायका येणार. गुलाबी दोरा ओळखायला त्यांना चष्मा लागणार नव्हता.

आबा सुकाणूपाशी पाठ करून बसले होते.

"आबा, काय सांगू?" तिने हळूच विचारलं.

"देवगडसून व्हावान इला, म्हणान सांग."

ओळखत नाही म्हणावं, तर रविवारी सगळ्यांदेखत खोटी पडणार ती. ओळखते म्हणावं, तर संध्याकाळी त्याच चुलीपुढे भाकऱ्या थापायच्या. जमिनीवर असती तर पाण्याची कळशी उचलून तरी निघाली असती.

"सर, सांधा माझ्या हातचा आहे," ती म्हणाली. "जाळं आमचं."

"मग वाहून आलं असेल."

सरांनी बिचाऱ्यांनी सुटायला दार उघडून दिलं. खाली जाळं वजनं लावून ताठ उभं होतं.

"नाही. टाकलेलं आहे."

"कोणी?"

तिने आबांच्या पाठीकडे पाहिलं.

"तिका कित्याक इचारतास?" आबा वळले. "मिया टाकलंय. आठ दिस मासळी गावली नाय. म्हटलंय, एक डाव, कोण बगता? सकाळी काढतलंय, तर तुमी दारात हजर, होडी व्हयी म्हणान. तेच्यानंतर उजाडल्यापासून काळोख पडासर तुमच्याच वांगडा होडीत."

सरांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी मालवणला फोन लावला. जाळं सोडवायला पाणबुड्या माणूस यायला दोन तास लागणार होते. जावयाला सोडून जाता येत नव्हतं. तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसली. सरांनी पाण्याची बाटली पुढे केली. आबांनी घेतली नाही.

"रविवारी गाऱ्हाणा दुसऱ्या कोणाक घालूक सांगा," ते म्हणाले. सरांना त्याचा अर्थ कळला नाही. दिव्याला कळला, आणि तिने खाली मान घातली.

मग आबा सरकत पडद्यापाशी आले. जाळ्यात एक तांबोशी अडकली होती, नुकतीच. तिचे कल्ले उघडमीट करत होते.

"जिती हा?"

"हां."

"ताई, दिवे बंद करा," सर म्हणाले. "बॅटरी पुरायला हवी."

दिव्याने बटणावर बोट ठेवलं.

"जरा ऱ्हांव दी गो," आबा म्हणाले. "बगतंय."