तीन हिरवे ठिपके

"प्रत्येकाला तीन ठिपके, मिसेस डथी. तुम्हाला जे महत्त्वाचं वाटतं त्यावर चिकटवा," नगरपरिषदेतली मुलगी शोना म्हणाली. मग तिचं लक्ष मी ढकलत आणलेल्या चाकांच्या खुर्चीकडे गेलं. "पण... ही सभा फक्त काळजी घेणाऱ्यांसाठी आहे."

"मग ह्याला कुठे ठेवू गं? बाहेर छत्र्यांच्या स्टँडात?"

हॉलमधल्या बायका हसल्या. डॉडही हसला. माझा नवरा. चाळीस वर्षं उत्तर समुद्रातल्या बोटींची जाळी दुरुस्त केली त्यानं. मेंदूतल्या रक्तस्रावानं पाय नेले, वाचा नेली. हात तेवढे मागे ठेवले.

चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सोळा जण होतो, घरच्या आजाऱ्याचं फुकटात करणारे. परिषद आमच्यासाठी धोरण आखत होती आणि आमचं मत हवं होतं. आजाऱ्याला कोणाच्या भरवशावर टाकून यायचं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

भिंतीवर चार कागद: जनजागृती. माहितीपत्रकं. संकेतस्थळ. सन्मान.

माझ्या पिशवीत पाचवा होता. इस्पितळाचं पत्र. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी दोनदा मोडली होती. डॉडजवळ बसायला माणूस नव्हतं. आता मोडली तर यादीतून नाव जाणार. उजव्या डोळ्यानं मला डॉडच्या गोळ्यांचे रंग ओळखू येत नव्हते. सन्मान घेऊन काय त्याचं लोणचं घालू?

मी सन्मानाचा कागद काढला आणि उलटा करून टांगला.

"अहो, विषय ठरलेले आहेत!"

"कोणी ठरवले? पेन दे."

तिनं दिलं. मी लिहिलं: 'मंगळवार, चौदा तारीख. सकाळी आठ ते चार. डॉडजवळ बसायला एक माणूस.' खाली माझे तिन्ही ठिपके.

एक म्हातारा उठला, आपले तीन चिकटवून आला. मग रांगच लागली. कोणी खाली आपापली तारीखही लिहिली.

उसवलेली शाल सावरत नेटा बकन माझ्याजवळ आली. "बेला, मंगळवारी माझी आई डे-सेंटरला असते. मी येते. शिव्या देतो का गं हा?"

"बोलताच येत नाही त्याला."

"म्हणजे आमच्या मेलेल्या नवऱ्यापेक्षा बरा! शुक्रवारी तू आईजवळ बस. दोन वर्षं झाली, केस कापले नाहीत मी."

शोनाचा चेहरा खुलला. मी म्हटलं, "हसू नकोस. हा शेजारधर्म झाला. नेटा आली म्हणून तुमचं काम संपत नाही. लिही."

तिनं शब्द न् शब्द लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. मग तो कागद गुंडाळून बगलेत घेतला. बाकीचे तीन भिंतीवरच राहिले.

चौदा तारखेला चार वाजता मी डोळ्यावर पट्टी बांधून घरी आले. नेटा खुर्चीत घोरत होती. शालीचं एक टोक डॉडच्या मांडीवर होतं. उसवलेली सगळी कड त्यानं भरून काढली होती, जाळ्याच्या गाठी मारून.