नीट घोटा

बाईंनी चिमट्याने भट्टीतून मूस बाहेर काढली, आत डोकावल्या आणि हातमोजे न काढताच उभ्या राहिल्या. वडी पुन्हा करडी निघाली होती, थेट राखेसारखी.

बुधवार उजाडला होता. शुक्रवारी दुपारी त्यांचा निरोपसमारंभ होता आणि टेबलावर मांडायला एक ताजी हिरवी वडी हवी होती. एवढं साधं काम, आणि दोनदा फसलं.

बाई घनपदार्थांच्या रसायनशास्त्रातल्या. चूर्णं तोलायची, खलात घोटायची, नाण्याएवढी वडी दाबायची, भट्टीत भाजायची, फोडून पुन्हा घोटायची, असं त्यांनी बत्तीस वर्षं केलं. घरची भाजी करपली तर बाईंना पत्ता नसतो, भट्टी पाच अंशांनी चढली तर झोपेतही कळतं, हा नवऱ्याचा जुना विनोद. सुरुवातीच्याच वर्षी तीन फिक्या ऑक्साइडांतून त्यांनी पोपटी हिरवी वडी काढली. हे संयुग तोवर कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा निबंध छापून आला, बाईंचं नाव झालं, आणि विभागात सगळे त्या संयुगाला नुसतं ‘हिरवी’ म्हणू लागले.

गंमत अशी, की बाहेर कुणालाच हिरवी साधेना. देशोदेशींची पत्रं यायची, आमची करडीच होते, काय चुकतंय? बाईंचं उत्तर ठरलेलं असे: नीट घोटा. लिहिताना त्यांना जरासा अभिमानही वाटायचा. शेवटी हात बसावा लागतो, दुसरं काय.

आता त्यांचाच हात फसत होता. भट्टी तीच, बरण्या त्याच. बदललं होतं एवढंच, की त्यांचा चिनी मातीचा जुना खल सुताराकडे गेला होता. विभागप्रमुख हा बाईंचा पहिला विद्यार्थी. त्या खलाला लाकडी बैठक करून तो बाईंना समारंभात द्यायचा, असा त्याचा बेत. म्हणून बाईंनी कपाटातला अकिकाच्या कठीण दगडाचा खल काढला होता. तो येऊन वीस वर्षं झाली, पण हाताला परका वाटतो म्हणून तसाच पडून होता.

सुताराचं माप घेऊन झालं आणि बुधवारी दुपारी जुना खल परत आला. बाईंनी त्यात घोटलं. गुरुवारी सकाळी वडी हिरवीगार निघाली.

आनंद करायचा सोडून बाई खलाकडे वळल्या. त्यांनी खल उजेडात धरला. तळाची चकाकी केव्हाच गेली होती आणि तिथे अंगठा मावेल एवढा खळगा पडला होता. खळग्यातली माती कुठे गेली असेल, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. कणाकणाने ती वड्यांत गेली होती. हिरवीत तीन नाही, चार पदार्थ होते. चौथा खलाचा होता, आणि निबंधात बाईंनी फक्त ‘खलात घोटून’ एवढंच लिहिलं होतं. कुठल्या खलात, ते लिहायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

प्रमुखाला त्यांनी बोलावून दोन्ही वड्या दाखवल्या. त्याने त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या.

“बाई, उद्याचा दिवस गेला की तुम्ही मोकळ्या. हे कुणाला कळणारही नाही.”

“मला कळलंय ना.”

“माझी डॉक्टरेट हिरवीवर आहे.”

“माहितेय. तूही याच खलात घोटलंस.”

तो निघून गेला. बाई खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या, कपाट आवरायला घेतलं आणि अर्धवट सोडलं. तेवढ्यात गेल्या महिन्यात आलेलं एक पत्र हाती लागलं. दूरच्या कुणा संशोधकाने लिहिलं होतं, दोन वर्षं झाली, रोज चार तास घोटतोय, मनगटाला पट्टा बांधलाय. अजून किती नीट घोटू?

दुपारी घरी जेवताना त्या तीनदा ताटावरून उठल्या.

“अगं, बस की जरा. पायाला भिंगरी लागलीये का?” नवरा म्हणाला.

बाईंनी सगळं सांगितलं.

“म्हणजे हिरवी खोटी?”

“हिरवी खरी आहे हो. मी सांगितलेली कृती खोटी. सूत्र खोटं.”

“मग लिहून टाक तसं.”

“लिहिलं तर माझ्या बत्तीस वर्षांचं काय उरतं?”

नवऱ्याने उठून तिचं ताट झाकून ठेवलं आणि चपला पुढे आणून दिल्या.

बाई परत प्रयोगशाळेत गेल्या. नुसता संशय छापता येत नाही, पुरावा लागतो. त्यांनी खल जुन्या टॉवेलात गुंडाळला. हातोडीचा पहिला घाव मुद्दाम घातल्यासारखा हलका पडला. दुसऱ्याला तो फुटला. काठाचे तुकडे कुटून, तोलून त्यांनी चूर्णात घातले, अकिकाच्या खलात जेमतेम पाच मिनिटं घोटलं आणि वडी भट्टीत ठेवली.

शुक्रवारी सकाळी ती निघाली. बत्तीस वर्षांत इतकी सुरेख हिरवी झाली नव्हती. बाई तिथेच स्टुलावर बसल्या आणि एकट्याच रडल्या, थोडं सुटल्यासारखं आणि बरंचसं दुःखाने. मग तोंड धुऊन त्यांनी निबंधाची दुरुस्ती एका पानात लिहून धाडली. खलाचा तळ कापसात बांधून मनगटवाल्याच्या पत्त्यावर पाठवला. सोबत चिठ्ठी होती: तुम्ही नीटच घोटलंत. चूक माझी होती. हे कुटून घाला.

दुपारी प्रमुखाने भाषण केलं. हिरवीपाशी येऊन तो अडखळला, बाईंकडे पाहिलं आणि कागद खिशात घातला. म्हणाला, आमची कृती चुकली होती, काल बाईंनीच शोधून काढलं, दुरुस्तीखाली माझीही सही घ्या. मग त्याने बैठकीवरचं कापड काढलं. सागवान छान घासलेलं होतं, मधोमध खलाच्या मापाचा गोल खड्डा होता आणि तो रिकामा होता. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना उमगेना.

बाईंनी ती बैठक मांडीवर घेतली. पुढचे वक्ते बोलत होते आणि बाई ऐकतही होत्या. त्यांचा उजवा हात मात्र त्या रिकाम्या खड्ड्यात सावकाश गोल गोल फिरत होता.