पांढरे पर्च

माझी धाकटी बहीण आर्डिस एका शब्दात विचारते आणि उत्तर पण एकाच शब्दात मागते. ही सवय होडीतली. तिचा नवरा लॉइड गेला, माझी बायको बेव्ह गेली, तेव्हापासून आम्ही दोघंच एका होडीत बसतो. तिचं घर माझ्या घरापासून हाकेवर, त्याच तळ्याच्या काठाला. होडीत आम्ही गप्पा मारत नाही. मासा वर आला की मी तो तिच्यापुढं धरतो. ती बघते आणि म्हणते "ठेव", नाहीतर म्हणते "सोड". साफ करायला तीच बसते, तेव्हा ठरवायचं पण तिनंच. मी ठेव म्हटलेल्या कितीतरी क्रॅपी, आमच्या तळ्यातली ती चपटी मासळी, तिनं परत पाण्यात टाकायला लावल्यात. "यात मांस कुठंय, व्हर्ल? पाकीट आहे नुसतं."

तर गेल्या हिवाळ्यात चर्चच्या बसनं ती कुठंतरी दक्षिणेला फिरायला गेली आणि तिथं तिला ओडेल ब्रॉसार्ड नावाचा माणूस भेटला. लुईझियानाचा. बायको वारलेली. त्यानं तिला सरळ विचारलं, माझ्याकडं येऊन राहशील का? तिनं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. फोन मात्र रोज. मे महिन्यात तो इकडं विस्कॉन्सिनला यायला निघाला, स्वतःची गाडी चालवत.

तो पोचायच्या आदल्या दिवशी दुपारी आर्डिस तिच्या धक्क्यावर उभी होती, घराकडं तोंड करून.

"छप्पर यंदा बदलावं लागणार," ती म्हणाली. "तळघरातला पंप पण गेलाय."

"बदलू की."

"हं."

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "उद्या ओडेलला होडीत घेऊन जा. बस त्याच्याबरोबर दिवसभर. आणि मला सांग, ठेवू का सोडू?"

आता होडीत बसवायचा ओडेल, म्हणजे विचारलं ते ओडेलबद्दलच. मी कशाला उलट विचारतोय? आमच्याकडं असं खोदून विचारत नाहीत. सोड म्हटलं तर आर्डिस इथं राहणार. ठेव म्हटलं तर आर्डिस गेली. मी मनाला बजावलं, व्हर्लिन, माणूस नीट बघायचा, आपल्या सोयीचं बोलायचं नाही.

सकाळी होड्या उतरवायच्या धक्क्यावर तो माझ्या आधी हजर. उंच, वाळका, डोक्यावर गवताची टोपी. गाडीच्या मागं एक भलीमोठी बर्फाची पेटी.

"सुप्रभात, साहेब," तो म्हणाला.

मला आजवर साहेब कुणी म्हटलेलं नाही. चेष्टा करतोय का काय ते कळेना. म्हटलं, "साहेब नाही, व्हर्ल."

"बरं, व्हर्ल साहेब."

पेटी खाली घ्यायला मी हात लावला तर आत पाणी डुचमळलं. मी म्हटलं, "यात काय?"

"पांढरे पर्च! घरच्या तळ्यातले. आर्डिसला कबूल केलं होतं."

मी पेटीवरचा हात काढला. त्याच धक्क्यावर, त्याच्या पाठीमागं, हातभर पाटी लावलेली आहे. बाहेरून घुसलेल्या वाईट माशांची. त्यात दुसरंच चित्र पांढऱ्या पर्चचं. हा दिसला तर जिवंत सोडू नका, कळवा. दुसऱ्यांची अंडी खाऊन तळं रिकामं करतो हा मासा. आणि ती पाटी खांबावर ठोकली कुणी? मी. या तळ्यात कुणाच्या होडीला चिकटून काय येतंय ते बघायचं काम काठच्या लोकांनी मलाच दिलंय.

"मग... काय करणार त्यांचं?" मी विचारलं.

"काय करणार म्हणजे? संध्याकाळी सोडू ना सगळे! आर्डिस पण मदत करणार म्हणालीय." आणि हसला. दात चांगले होते त्याचे.

दुसरा कुणी असता तर तिथंच म्हणाला असता, अरे बाबा, डोकं ठिकाणावर आहे का? पण आमच्याकडं पाहुण्याला तोंडावर बोलत नाहीत. मी म्हटलं, "बरं. बघू." विस्कॉन्सिनात "बरं, बघू" म्हणजे साफ नाही, हे इथल्या कुत्र्याला पण कळतं. त्याला नाही कळलं. तो म्हणाला, "झकास!"

मी ठरवलं, याला आधी पाण्यात न्यायचा. पेटी इथंच, गाडीत, कुलपात. संध्याकाळी मी स्वतः ती गवतावर उपडी करणार, मग काय व्हायचं ते होऊ दे.

निघालो. आमच्या तळ्यात फोन एकाच जागी लागतो, पाइनच्या टोकाशी. तिथं मी इंजिन बंद केलं आणि आर्डिसला फोन लावला. ओडेल पुढच्या फळीवर बसलेला, हातभर अंतरावर. त्याच्यादेखत लांबलचक काय बोलणार?

"आर्डी," मी म्हटलं, "सोड."

धाड! ओडेलनं नांगर पाण्यात सोडला. त्याला वाटलं मी त्याला सांगतोय.

 तिकडनं आर्डिसचं नाक ओढल्याचा आवाज. "खरं सांगतोस, व्हर्ल?"

"खरं."

"मला वाटलं होतं तू काहीतरी फाटे फोडशील."

"मला पण."

"तू किती चांगला आहेस रे! थांब, मी ट्रूडीलाच फोन लावते आधी."

"ट्रूडीला कशाला?"

पण तिनं ठेवला होता. ट्रूडी म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते ती. तिचा ओडेलशी काय संबंध? आणि माणूस सोडायचा म्हणून बाई खूश कशी? मी फोनकडं बघत बसलो. ओडेल म्हणाला, "इथं खोल दिसतंय, साहेब. इथं मासे आहेत?"

"नाहीत," मी म्हटलं. "काढा नांगर."

लव्हाळ्यांच्या बेटापाशी गेलो. मे महिन्यात क्रॅपी तिथं उथळात येतात, अंडी घालायला. मी आपला नेहमीसारखा, दोरीला तरंगतं बूच लावून, खाली गळाला आमिष म्हणून बारीक जिवंत मासळी. त्यानं काढली ही एवढी लांब बांबूची काठी. ना चक्री, ना बूच. काठीच्या टोकाला जेमतेम दोरी. लव्हाळ्यांच्या मधल्या फटीत गळ सरळ उभा खाली सोडायचा, थोडा वर, थोडा खाली. माझा दोर दोनदा गवतात गुंतला तोवर त्यानं तिसरा मासा वर घेतला. वर घेतला म्हणजे उचलला, हिसका नाही मारला. क्रॅपीचं तोंड कागदासारखं असतं, हिसडलं की फाटून मासा जातो. हे त्याला माहीत होतं. मला जरा रागच आला.

मग त्याला एक लागला. काय सांगू! ताटाएवढा नर, काळाकुट्ट, या दिवसात होतात तसा. मी जाळी पुढं केली. त्यानं ओल्या हातानं गळ काढला, दोन्ही तळव्यांत धरून त्याच्याकडं बघितलं आणि पाण्यात ठेवून दिला.

"सुटला?"

"सोडला."

"तो? तो सोडला?"

"बाप आहे तो, साहेब. अंड्यांची राखण करतोय. हा उचलला की मागं बारके येऊन सगळं साफ करतात."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. अंड्यांसाठी एवढा मासा सोडणारा माणूस संध्याकाळी अंडी खाणारी पेटीभर जात त्याच तळ्यात ओतणार? का हे सगळं मला दाखवायला? एवढा आतल्या गाठीचा असेल? तोंडावरून तर म्हशीसारखा शांत. माझं डोकं चालेना. मी डब्यातलं सँडविच काढून खायला लागलो. अर्धं त्याला दिलं. त्यानं खिशातून तिखट सॉसची बाटली काढली आणि माझ्या कलेजीच्या सँडविचवर शिंपडली. न विचारता. चांगलं लागलं.

जेवण झाल्यावर त्यानं मधल्या आकाराची एक क्रॅपी वर घेतली, चंदेरी, ठिपक्यांची, आणि माझ्यापुढं नाचवली.

"हे बघा! पांढरा पर्च!"

"कुठंय?"

"हा काय हातात."

"ही क्रॅपी आहे."

"काय आहे?"

"क्रॅपी! पर्च म्हणजे तो..." मी जाळीच्या टोपलीतला माझा एकुलता एक पर्च वर काढला, पिवळा, अंगावर काळे पट्टे. काटा टोचला बोटाला. "हा पर्च."

"तो होय? तो मी जन्मात बघितलेला नाही," ओडेल म्हणाला. "आमच्याकडं हाच पांढरा पर्च. माझा आजा याला पांढरा पर्च म्हणायचा. आजी फ्रेंच बोलायची, ती दुधाची पिशवी म्हणायची. दोघं यावरून भांडायचे."

मी पर्च परत टोपलीत टाकला. "पेटीत आहेत ते..."

"हेच."

"जिवंत?"

त्यानं टोपी मागं सरकवली. माझ्याकडं असं बघितलं, जसं मी सकाळपासून त्याच्याकडं बघत होतो. "साहेब, एवढ्या लांबून जिवंत कसे आणू? साफ करून, काटे काढून, पिशव्यांत बांधून आणलेत. बर्फाचं पाणी झालंय सगळं."

"मग संध्याकाळी सोडणार म्हणालात ते?"

"तेलात! मक्याच्या पिठात घोळवून. दुसरं कुठं सोडतात?"

मी माझा दोर गुंडाळला. त्याचा पण गुंडाळला. "काय झालं?" म्हणे. मी म्हटलं, "काही नाही, ऊन झालंय." आभाळ भरलेलं होतं. पाइनच्या टोकाशी फोन लावला तर आर्डिसचा सारखा व्यस्त. मनात एकच, तिला सांगायचं, ठेव. ठेव बाई, चांगला आहे. थोडा येडा आहे, पण चांगला आहे.

त्याला होडी बांधायला आणि पेटी घेऊन यायला मागं ठेवलं आणि मी ओल्या बुटांनी तिच्या स्वयंपाकघरात घुसलो. तर ट्रूडी खुर्चीवर उभी, हातात मोजायचा टेप, खिडकी मोजतेय.

"व्हर्ल!" ट्रूडी खालीच उतरली. "तुझे किती आभार मानू! तू सोड म्हणालास म्हणून हिनं ठरवलं. मी किती वर्षं म्हणत होते, हे घर कधी विकायचं झालं तर मला."

आर्डिसनं येऊन माझे दोन्ही हात धरले. लहानपणी पण तिनं कधी धरले नव्हते. "मला भीती होती, तू छप्पर आपण करू, पंप आपण बसवू, असंच म्हणत बसशील."

मी भिंतीला टेकलो. हिनं विचारलं होतं ते घराचं. घर ठेवू का सोडू. ओडेलला होडीत बसवायचं ते फक्त मला त्याची ओळख व्हावी म्हणून. त्याचं तिचं ठरलेलंच होतं, फक्त घर सोडवत नव्हतं. आणि मी म्हटलेलं सोड.

आता काय बोलायचं? आलो होतो ठेव म्हणायला, ओडेलला ठेव. पण ठेव म्हटलं की हिला ऐकू येणार घर ठेव, जाऊ नकोस. म्हणजे ओडेल गेला. सोड म्हटलं तर ओडेल राहिला, पण ही गेली. सकाळी मला ही इथं हवी होती आणि मी सोड म्हटलं. आता मला तो माणूस आवडलाय आणि तोंडात आलंय ठेव. सगळंच उलटं! एक शब्द बोललो की सगळं जागच्या जागी राहणार होतं, आणि तो शब्द खोटा पण नव्हता. माझ्या मनात तोच होता.

ट्रूडी टेप गुंडाळत थांबली. दारातून ओडेल आला, पेटी पोटाशी धरून, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "बाईसाहेब," तो ट्रूडीला म्हणाला, आणि टोपी काढायला हात मोकळा नाही म्हणून मानच वाकवली.

"एवढा धावत काय सांगायला आलास?" आर्डिसनं मला विचारलं.

"कुठं काय?"

"दम लागलाय तुला."

"आर्डी, ते मी सकाळी फोनवर म्हणालो ना..."

"काय?" तिनं हात सोडले नव्हते, पण पकड सैल झाली. ते मला जाणवलं. ओडेल पेटी धरून तसाच उभा. त्याला कशाचाच पत्ता नव्हता आणि तो सगळ्यांकडं बघून हसत होता.

"ते छपराचं," मी म्हटलं. "ट्रूडीला आधी सांग, छप्पर गळतंय. मागनं तिनं मला बोलायला नको."

"सांगितलंय तिला."

"पंपाचं?"

"ते पण."

"मग झालं," मी म्हटलं.

आर्डिस माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बूट काढ, जमीन खराब झाली," आणि ओडेलच्या हातातली पेटी घ्यायला गेली. मी दाराबाहेर पायरीवर बसून बूट काढायला लागलो. नाड्या फुगल्या होत्या, गाठ सुटेना. आत ट्रूडी विचारत होती, "हे कुठले मासे?" ओडेल म्हणाला, "पांढरे पर्च." ट्रूडी किंचाळली. तिला पण ती पाटी पाठ होती.

"त्याला बोलू दे," मी बाहेरून ओरडलो. "पूर्ण ऐकून घे आधी, ट्रूडी!"