उलट्या कॉलरी

शर्टाच्या कारखान्यात दरवर्षी बायकांच्या छातीतल्या गाठी तपासायला डॉक्टरांची गाडी यायची, आणि दरवर्षी वरच्या ऑफिसातल्या बायका तेवढ्या निवांत जाऊन यायच्या. खालच्या शिलाईवाल्यांना कुणी नको म्हणत नव्हतं हो! फक्त साखळी थांबता कामा नये. एकीने कॉलर लावायची, पुढचीने बाह्या, त्यापुढचीने बटणं. मधली एक उठली की पुढच्या सगळ्या हात चोळत बसणार. मग उठतंय कोण, डोंबल!

त्या साखळीत दोघी जावा होत्या. कॉलरवर थोरली बसायची. धाकटी सगळ्यांत शेवटी, धागे कापायला. थोरलीचा खांदा धरला म्हणून धाकटी बाम चोळत होती, तेव्हा काखेशी गाठ हाताला लागली. याच बाईने तिला लग्नानंतर पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. तिच्यावाचून घराची कल्पनाच धाकटीला करवेना.

गाडी आली तशी ती थोरलीच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली. “ताई, उठा. कॉलर मी लावते.”

“तू? धागा कापताना शर्ट कापतेस!”

“माझी शपथ आहे तुम्हाला.”

थोरली कुरकुरत गेली. धाकटीने पहिलीच कॉलर लावली ती उलटी, आतली बाजू बाहेर. दुसरीही तशीच. बाहीवालीने पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि मुकाट्याने बाह्या जोडल्या. बटणवालीने हसू दाबत बटणं लावली. सुपरवायझर येरझाऱ्या घालत होता, पण मशीनं धडाधड चालताहेत म्हटल्यावर गडी खूश.

थोरली परतली आणि ढीग बघून तिने कपाळावर हात मारला. “अगं बये! हे उसवणार कोण?”

“आम्ही,” बाहीवाली म्हणाली. सगळ्यांनी एकेक शर्ट मांडीवर ओढला.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?” धाकटीने विचारलं.

थोरलीने तिला कॉलरच्याच खुर्चीत पुन्हा दाबून बसवलं. “आधी सुलट बाजू ओळखायला शीक. मला मोठ्या दवाखान्यात बोलावलंय. खेपा घालाव्या लागतील.”

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“रडतेस काय वेडाबाई? वेळेवर आलात, म्हणाल्या त्या,” थोरली तिच्या हातात कॉलर देत म्हणाली. “मी म्हटलं, मी कुठली येतेय? मला धाकटीने हाकललं.”