नाव घ्या, मावशी

चरवीत पडणाऱ्या धारेचा नाद हीच आमच्या घरची भूपाळी. फौंड्रीत वडिलांचा पाय जायबंदी झाला, तेव्हा दोन म्हशींच्या दुधावर आईने घर तगवले आणि मला घराण्यातला पहिला पदवीधर केले. तीच आई पुढे धार काढून झालेल्या म्हशीखाली पुन्हा चरवी घेऊन बसू लागली. चूल पेटती ठेवून गल्लीच्या टोकाला हरवू लागली. दवाखान्यात तिला नवऱ्याचे नाव विचारले, तर ती पदर दातांत धरून गप्प. स्मृती पार गेली, असा निर्वाळा मिळाला.

“वेड्यांच्या दवाखान्यात घालूया,” थोरला दादा म्हणाला. “एक दिवस घर पेटवंल ही.”

म्हणून मी कुमुदताईंना आणले. कॉलेजात त्या आम्हाला मानसशास्त्र शिकवायच्या. म्हाताऱ्यांची तपासणी त्यांच्या घरीच करायची, हा त्यांचा हट्ट. परक्या भिंतींत माणूस निम्मा होतो, म्हणायच्या. कार्तिकातल्या कोवळ्या उन्हासारखा त्यांचा स्वर, कुणालाही न टोचता उबेला बोलावणारा. आणि प्रश्नानंतरचे त्यांचे मौन असे विस्तीर्ण, की त्यात थकलेल्या मनाला वाट शोधायला सवड मिळे. गोठ्याच्या उंबऱ्यावर आईशेजारी बसून त्यांनी तोच प्रश्न विचारला. आईने पुन्हा पदर दातांत धरला. तिच्या कानांच्या पाळ्या मात्र लाजून लाल झालेल्या, त्या ताईंना दिसल्या.

“असं नको. उखाण्यात नाव घ्या, मावशी.”

“घे की!” वडील बाजेवरून गरजले. “न्हायतर मी कुणाचा म्हणून सांगू?”

“म्हशीच्या दुधावर सायीचं पांघरूण, गणपतरावांचं नाव घेते चरवी सावरून!”

गोठा हसला. ताई हसल्या, पण भुलल्या नाहीत. घटकाभरापूर्वी दाखवलेल्या वस्तू त्यांनी विचारल्या. आईला एकही आठवेना.

“नवं पाणी मुरत नाही,” त्या दादाला म्हणाल्या, “पण विहीर आटलेली नाही. विस्तव तेवढा हिच्यापासून दूर ठेवा, कामं हिच्यापाशीच राहू द्या.” धार झाली की म्हशीच्या शिंगाला तांबडी चिंधी बांधायची, हेही त्यांनीच सुचवले. चिंधी दिसली की आई निमूट उठे. दादाने दवाखान्याचा विषय पुन्हा काढला नाही.

आज आई नाही, कुमुदताईही नाहीत. काळ आठवणी नेतो, मग आठवणारी माणसेही नेतो. कुणाला किती सन्मानाने नेऊ द्यायचे, एवढेच आपल्या हाती उरते. माझी आई शेवटपर्यंत स्वतःच्या घरात राहिली.